काट्यापाशी: सोयाबीन खरेदीच्या सॉफ्टवेअरच्या नोंदी

18 सप्टेंबर 2024, बुधवार. छत्रपती संभाजीनगर

कालची मराठवाडा मुक्तिदिनाची सुट्टी संपली, आज सगळे जागेवर. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला सोयाबीन खरेदीचं सॉफ्टवेअर करून द्यायचं आहे. टोकन, वजन, ओलावा, बारदाना (माल भरायची पोती), पट्टी (वजनाची आणि हिशोबाची पावती), पैसे, सगळंच. दसऱ्याच्या आगेमागे आवक सुरू होईल, तोवर निदान काट्यावरचा भाग चालता हवा. गेल्या महिन्यात मी दोनदा जाऊन आले, मॅनेजर आणि संचालकांसोबत बसले आणि 42 पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट लिहिलं. आज ते टीमच्या हातात दिलं.

दीड तास मीटिंग चालली. चौघांनी प्रश्न विचारले: टोकन नंबर किती अंकी ठेवायचा, वजन दशांशात किती स्थळांपर्यंत, पीडीएफ कोणत्या आकाराची. टोकन घेतलेला माणूस कुठे थांबतो, किती वेळ थांबतो, त्याच्यासोबत बैलगाडी असते की छोटा हत्ती टेम्पो, हे कोणीच विचारलं नाही. मी घरी येऊन डॉक्युमेंट पुन्हा चाळलं. ते माझ्या डॉक्युमेंटमध्येही नव्हतं.

24 सप्टेंबर, मंगळवार

आठवड्यात दोन गोष्टी करून पाहिल्या. 'आपला शेतकरी' असा एक तक्ता करून भिंतीवर लावला: वय, एकर, मोबाइल कोणता, अडचणी काय. तो तक्ता मी कल्पनेतूनच केला होता आणि ते टीमला पहिल्याच नजरेत कळलं. दुसरं, मॅनेजरना व्हिडिओ कॉलवर घेतलं. आमचे चौघे माइक बंद करून ऐकत बसले. मॅनेजर चाळीस मिनिटं बोलले ते अध्यक्षांना कोणता रिपोर्ट हवा त्याबद्दल. दोष मॅनेजरांना देणार नाही. ते रोज ज्याला उत्तर देतात त्याचीच गरज त्यांना आधी आठवणार.

कॉल संपल्यावर मोबाइल अ‍ॅप लिहिणारा म्हणाला, "ताई, आपण सगळे शेतकऱ्यांचीच पोरं आहोत. आपल्याला वेगळं काय समजून घ्यायचंय?"

हे वाक्य मी या भागातल्या प्रत्येक टीममध्ये ऐकलं आहे. मीही एकेकाळी तेच म्हणत असे. आपण गावातून आलो म्हणून गाव आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं. पण त्याच्या घरी मोसंबी, आमच्यातल्या सगळ्यांत अनुभवी दादांच्या घरी भोकरदनकडचा कापूस, टेस्टिंग करणारीचे वडील हिंगोलीत शिक्षक, आणि हिशोबाचा भाग लिहिणारा नांदेड शहरात वाढलेला. सोयाबीनच्या काट्यापाशी यांतलं कोणीच कधी उभं राहिलेलं नाही.

26 सप्टेंबर, गुरुवार

आज दादांशी सविस्तर बोलणं झालं. दादा म्हणजे आमचे सगळ्यांत अनुभवी इंजिनिअर, चौदा वर्षं झाली त्यांना या कामात. सर्व्हर आणि डेटाबेस तेच बघतात. सहीचं डॉक्युमेंट हाती आल्याशिवाय ते एक ओळ लिहीत नाहीत आणि मला त्याचा फार त्रास व्हायचा. आज चहाला सिडकोतल्या टपरीवर गेलो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. आधीच्या नोकरीत गिऱ्हाइकाने एकाच गोष्टीबद्दल तीनदा शब्द फिरवला. दोन महिने रात्री जागून सगळं बदलून दिलं आणि शेवटी 'वेळेत काम झालं नाही' हा शेरा यांच्याच नावावर बसला. त्या वर्षी पगारवाढ नाही. घरात बहिणीचं लग्न होतं.

मग म्हणाले, "शेतकऱ्याशी बोलायला माझी ना नाही, ताई. पण बोलून जे कळेल त्यावर मला काही करताच येणार नसेल, तर कळून घेऊ कशाला? उलट जास्त त्रास. डोळ्याला दिसतंय की चूक आहे, आणि कागद म्हणतोय तसंच कर."

मी इतकी वर्षं समजत होते की इंजिनिअरांना माणसांत रस नसतो, त्यांना कोड बरा वाटतो. रस असतो. त्या रसाचं पुढे काही होत नाही, म्हणून ते तो आवरून ठेवतात. आणि तो आवरायला लावणाऱ्यांत मीही होते. गरज काय ते मी ठरवणार, मी लिहिणार, तुम्ही बांधा, ही रचना माझीच. 'गिऱ्हाईक आणि टीम यांच्यातला पूल' असं मी स्वतःला अभिमानाने म्हणवून घ्यायचे. पण माझ्या मधे असण्याने या चौघांना पलीकडचं काही दिसतच नव्हतं.

दादांना शब्द दिला. आपण सगळे काट्यावर जायचं. तिथे जे दिसेल त्यावरून काट्याच्या स्क्रीनचा निर्णय तुम्ही चौघांनी घ्यायचा. संचालकांपुढे मी उभी राहीन, आणि बदल झाला तर त्यात गेलेला दिवस कोणाच्या नावावर लागणार नाही. हे सगळं लेखी दिलं, कारण दादांना लेखी लागतं. लागायलाच हवं.

30 सप्टेंबर, सोमवार

जाण्याच्या खर्चाला मंजुरी मिळाली. आमच्या मालकांचा सवाल होता: चार इंजिनिअर दोन दिवस गावाला, मग कोड कोण लिहिणार? मी इतकंच म्हटलं की गेल्या प्रकल्पात चुकीचं बांधलेलं पाडायला आपल्याला किती आठवडे लागले ते आठवा. त्यांना आठवलं.

मोबाइलवाला खुशीत आहे. त्याने आवाजावरून वजन भरायची सोय केली आहे. मापाडी, म्हणजे काट्यावर वजन करणारा, बोलेल आणि आकडा आपोआप लिहिला जाईल. ऑफिसात आम्ही सगळ्यांनी बोलून पाहिलं, झकास चालतं.

9 ऑक्टोबर, बुधवार. औसा तालुका

काल दुपारी निघालो. बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई करत लातूरला पोहोचायला रात्र झाली. सकाळी आठला गोदामावर. सरकारी खरेदी दसऱ्यानंतर सुरू होणार आहे, सध्या कंपनीची स्वतःची खरेदी चालू आहे. अंगणात नऊ वाहनं. पत्र्याचं गोदाम, दारात चाळणी यंत्र, त्याला लागून प्लॅटफॉर्म काटा. धूळ एवढी की तासाभरात आमच्या सगळ्यांच्या भुवया पिवळ्या.

मी एकच नियम घातला होता. दुपारपर्यंत कोणी लॅपटॉप उघडायचा नाही आणि 'हे असं का करत नाही' असं कोणाला म्हणायचं नाही. बघायचं, आणि कोणी परवानगी दिली तर हात लावायचा.

मापाडी मामा साठीच्या घरातले. हमालांनी पहिला कट्टा, म्हणजे छोटं पोतं, काट्यावर टाकला आणि मामांनी हाळी दिली, "लाभऽ, एक्कावन्न दोनशे!" म्हणजे 51 किलो 200 ग्रॅम. मग "दोनऽ, पन्नास आठशे!" मुनीम वहीत आकडे ओढत होता. मोबाइलवाल्याने हळूच फोन पुढे धरला. चाळणीचा घरघराट, हमालांची ओरड, आणि फोनवर पहिल्या ओळीत काहीच नाही. दुसऱ्या ओळीत भलताच आकडा. त्याला वाटलं मामा पहिला कट्टा मोजतच नाहीत. विचारलं तर मामा म्हणाले, "एक म्हणत न्हाईत, बाळा. पहिलं माप लाभाचं. आमच्या आज्यापासून असंच हाय."

त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघून मला वाईट वाटलं. तीन आठवडे खपला होता त्यावर. पण तो तिथेच उभा राहिला. अर्ध्या तासाने काट्याच्या डिस्प्लेच्या मागे वाकून बघताना दिसला. त्याला तिथे केबल लावायची जागा सापडली होती, सीरियल पोर्ट. वजन थेट काट्यावरून घेता येईल, कोणी बोलायला नको आणि धुळीच्या बोटांनी टाइप करायलाही नको. मामांची हाळी मात्र तशीच राहू द्यायची, हे तोच म्हणाला. कारण ती हाळी मुनिमासाठी नाहीच. ती पलीकडे उभ्या असलेल्या माल धन्याने ऐकावी म्हणून आहे.

आणि माल धनी खरोखर पलीकडे उभा असतो, मान वाकडी करून. काट्याला दोन बाजूंना डिस्प्ले आहेत, त्यातला शेतकऱ्याकडचा बंद पडलेला. किती दिवस? दोन हंगाम. आमच्या 42 पानांत त्याचा उल्लेख नाही, आणि सॉफ्टवेअरचं ते काम नव्हेच. तरी मॅनेजरना सांगून दुपारीच लातूरहून माणूस बोलावला.

11 वाजता एक वयस्क शेतकरी चौदा कट्टे घेऊन आले. मॉइश्चर मीटरवर ओलावा 13.8 टक्के. गोदामात 12 च्या वरचा माल घेत नाहीत, थप्पीत गरम होतो, बुरशी धरते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये इथे लाल पट्टी येते: 'नापास'. टोकन रद्द, पुन्हा यायचं तर नवीन टोकन. माझ्या डॉक्युमेंटमध्ये तसंच लिहिलं आहे आणि दादांनी तसंच बांधलं आहे.

पण आजोबा निघून गेले नाहीत. गोदामाच्या मागे दोन ताडपत्र्या आधीच अंथरलेल्या होत्या. हमालांनी कट्टे ओतले, आजोबांनी धोतर खोचलं आणि अनवाणी पायांनी सोयाबीनमधून सऱ्या ओढत फिरायला लागले, म्हणजे खालचं वर येतं आणि ऊन लागतं. दादा त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने बघते तर बूट काढून दादाही त्या सोयाबीनमधून पाय ओढत चाललेले. दोघे काय बोलले मला ऐकू आलं नाही. साडेतीनला पुन्हा मीटर लावला, 11.9. मामांनी सकाळचाच कागद उलटा करून त्यावर वजन मांडलं. नंबर तोच, सकाळचाच.

परत येताना दादा म्हणाले, "नापास हा शब्दच तिथं नाही. कोणी उच्चारला नाही दिवसभरात. 'वाळवून आण' म्हणतात. टोकन मरत नाही, ते ताडपत्रीवर जातं."

ही गोष्ट मला दोन भेटींत कळली नव्हती, कारण मी दोन्ही वेळा ऑफिसच्या खोलीत बसले होते आणि मला चहा मिळाला होता.

एक वाईट गोष्टही नोंदवते. गोदामावर बायकांसाठी संडास नाही. टेस्टिंग करणारी मुलगी सकाळपासून पाणी न पिता उभी होती आणि बोलली नाही. दुपारी मला लक्षात आलं, तेव्हा शेजारच्या घरातल्या वहिनींकडे सोय झाली. हे मी आधी विचारायला हवं होतं. पुढच्या प्रत्येक भेटीच्या तयारीत ही पहिली ओळ.

10 ऑक्टोबर, गुरुवार. लातूर

सकाळी मुक्कामाच्या लॉजवर पाच जणांनी पलंगावर बसून मीटिंग केली. कोणी 'रिक्वायरमेंट' हा शब्द काढला नाही. बोलणं चाललं ते मामा, आजोबा, मुनीम यांच्याविषयी.

हिशोबाचा भाग लिहिणारा मुलगा फार कमी बोलतो. काल तो दिवसभर मुनिमाच्या शेजारी बसून होता. आज म्हणाला, "बारदान्याची वजावट आपण किती धरली आहे?" मी म्हटलं, पोत्याला एक किलो, मॅनेजरनी सांगितलेलं. त्याने खिशातून कागद काढला. काल मामांना विनंती करून त्याने दहा रिकामे प्लास्टिकचे कट्टे एकत्र काट्यावर ठेवले होते. वजन 1 किलो 400 ग्रॅम. म्हणजे एकाचं 140 ग्रॅम.

किलोचा नियम तागाच्या जुन्या क्विंटली पोत्याचा. ते रिकामं पोतंच किलोभर वजनाचं. मॅनेजरनी सवयीने 'पोतं' म्हटलं, मी सवयीने लिहून घेतलं. आता माल येतो पन्नास किलोच्या प्लास्टिकच्या कट्ट्यात. चाळीस कट्टे आणले तर आमचं सॉफ्टवेअर 40 किलो कापणार, खरी वजावट 5 किलो 600 ग्रॅम. 34 किलो 400 ग्रॅम शेतकऱ्याचे जाणार. यंदाच्या हमीभावाने, 4,892 रुपये क्विंटल, ते 1,683 रुपये होतात. वहीत मुनीम तसं कधीच कापत नव्हता, त्याला कट्टा बघून कळतं. आमच्या सॉफ्टवेअरला कट्टा दिसत नाही. आम्ही गेलो नसतो तर दर शेतकऱ्याचा तेवढा माल आमच्या एका ओळीने कापला असता, आणि पट्टीवर छापील आकडा बघून कोणी भांडलंही नसतं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो मुलगा म्हणाला, "ती ओळ मी लिहिली होती." मी म्हटलं, "तुला ती मी सांगितली होती."

14 ऑक्टोबर, सोमवार

दसरा करून सगळे परतले. दादांनी सुट्टीत घरी बसून टोकनच्या स्थितींचा तक्ता बदलला. 'नापास' गेलं, 'वाळवणीला' आलं. एका टोकनला ओलाव्याच्या कितीही नोंदी, प्रत्येकीला वेळ, जुनी पुसली जाणार नाही. बारदान्याचा प्रकार कट्ट्यागणिक निवडायचा. ओलाव्याची मर्यादा कोडमध्ये तीन ठिकाणी 12 अशी ठोकून ठेवलेली होती. ती काढून वेगळ्या तक्त्यात टाकली, खरेदीदारानुसार आणि तारखेनुसार. मी विचारलं, हे कशावरून? म्हणाले, मामा बोलले होते, "सरकार दरसाली कायतरी बदलतंय बगा."

डॉक्युमेंट आता 42 पानांचं राहिलं नाही. मीच त्यातली जवळजवळ निम्मी पानं काढली. तिकिटं, म्हणजे टीमच्या यादीतल्या कामाच्या नोंदी, लिहायची पद्धतही बदलली: वर माणूस, त्याखाली त्या दिवशी काय झालं, आणि शेवटी आपण काय करायचं. 'वापरकर्ता' हा शब्द तिकिटात वापरायचा नाही असं टेस्टिंगवालीने सुचवलं. मामा लिहा, मुनीम लिहा, आजोबा लिहा. एवढ्या एका शब्दाने बोलणं किती बदलतं ते मी रोज बघते आहे.

22 ऑक्टोबर, मंगळवार

सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. मोबाइलवाला पट्टीच्या छपाईवर अडला आहे. छोट्या थर्मल प्रिंटरला देवनागरी अक्षरं येत नाहीत, मजकुराचं चित्र करून पाठवावं लागतं आणि एक पट्टी निघायला वेळ लागतो. त्याचं म्हणणं, इंग्रजीत छापू, लगेच निघेल. मालकांनाही ते पटलं. मी मत दिलं नाही, फक्त म्हटलं की मामांना फोन कर.

त्याने स्पीकरवर केला. मामा म्हणाले, "रांगंत दोन मिनिटं जास्त उभा राहतंय माणूस, त्याचं काय न्हाई. पण पट्टी घरी गेल्यावर कारभारीण वाचती. तिला कळाय पाहिजे की."

मराठीच राहिली. पोरगा दोन रात्री बसून चित्राचा आकार कमी करत होता. आता पट्टी पूर्वीच्या निम्म्या वेळात निघते.

6 नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीनंतर पहिला दिवस. दादांना आज एक गोष्ट सांगितली, बऱ्याच दिवसांपासून सांगायची होती. ते दिवसभर प्रोग्रॅमिंगमधल्या क्लास आणि ऑब्जेक्टमध्ये लिहितात. ती कल्पना ज्या सिम्युला भाषेतून आली, ती नॉर्वेतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांची. यातले न्यूगोर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करायला गेले. कारखान्यात संगणक येणार होते, आणि ते कसे यावेत यात कामगारांचा शब्द असावा म्हणून. भाषा घडवणारा माणूस कामगारांत जाऊन बसला.

दादा ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे मी बूट काढले ते बरोबरच केलं." आणि कामाला लागले.

16 नोव्हेंबर, शनिवार

काल केंद्र सरकारने यंदाच्या हंगामापुरती सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के केली. रात्री बातमी आली, सकाळी मॅनेजरांचा घाबरा फोन: सॉफ्टवेअरमध्ये 12 आहे ना? सुट्टीच्या दिवशी दादांना उठवलं. त्यांनी तक्त्यात एक ओळ घातली, सरकारी खरेदीपुरती. दहा मिनिटांचं काम. कंपनीची स्वतःची खरेदी 12 वरच.

पण ती ओळ चालू करण्याआधी दादांनी मामांना फोन लावला. मामा म्हणाले, केंद्रावर पत्र अजून आलेलं नाही, पत्र आल्याशिवाय माल घेता येत नाही, घेतला तर पुढे गोदामवाला परत पाठवतो. म्हणजे निर्णयाची तारीख वेगळी आणि केंद्रावर पत्र पोहोचल्याची वेगळी. दादांनी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला. मला विचारलं नाही, मला नंतर कळलं. मला फार बरं वाटलं.

28 नोव्हेंबर, गुरुवार

हिशोबवाल्या मुलाने आज मोठं काम केलं. मुनिमाच्या जुन्या वहीचे फोटो त्याने काढून आणले होते, तो ते महिनाभर रात्री वाचत होता. त्याला माणसांशी बोलणं जड जातं, पण वही वाचायला आवडते. त्याला दिसलं की काही नावांपुढे पेन्सिलीने छोटं वर्तुळ आहे. साधारण दर सातआठ नावांमागे एक. मुनिमाला फोन करून विचारलं. वर्तुळ म्हणजे बटई.

सातबारा एकाच्या नावावर, जमीन कसतो दुसरा. हमीभावाची नोंदणी सातबाऱ्यावरच्या नावाने, पैसे त्याच्या खात्यात. माल घेऊन काट्यावर येतो तो बटईदार. हिशोब अर्ध्याचा की तिसऱ्या हिश्श्याचा, ते त्या दोघांत. मुनीम वर्तुळ करायचा, कारण पट्टी दोन लागतात. एक मालकाला, एक बटईदाराला. बटईदाराच्या हातात वजनाचा कागद नसेल तर नंतर मालक म्हणेल तो आकडा.

आमचं सॉफ्टवेअर एका टोकनला एकच पट्टी देत होतं. दुसरी काढली तर त्यावर ठळक 'नक्कल' छापायचं, आणि नक्कल कोण मानणार? महिनाभर बटईदार तो कागद घेऊन गेले. कोणाचं त्यावरून वाजलं का, हे विचारायची आम्हा कोणाची हिंमत झाली नाही. शेवटी टेस्टिंगवालीने विचारलं. मुनीम म्हणाला, एकदा वाजलं, आम्ही वही दाखवून मिटवलं.

वही अजून चालू आहे हे त्यावरून कळलं. आम्हाला वाटत होतं ती बंद झाली. आमचे मालक म्हणाले, वही बंद करायला सांगा, दुहेरी काम कशाला. चौघांनी एकत्र विरोध केला. आमच्यात काय कमी आहे ते सांगणारं दुसरं काही आपल्याकडे नाही, असं दादा म्हणाले. वही राहिली. संध्याकाळपर्यंत 'नक्कल' हा शब्द गेला. दोन पट्ट्या, दोन्ही मूळ, दोन्हींवर दोन्ही नावं.

12 डिसेंबर, गुरुवार

दुसरी फेरी करून आलो. या वेळी चौघेच गेलो. हिशोबवाला म्हणाला, मला वहीचे फोटो आणा, मी इथून बघतो. त्याला ओढून न्यायचं नाही असं ठरवलं. प्रत्येकाने काट्यापाशी उभं राहायलाच हवं असा माझा आग्रह होता, तो मी सोडला. त्याला जे दिसलं ते वहीतून दिसलं.

डेमो आता ऑफिसात करत नाही, गोदामावर करतो. तिथे फोनला रेंज फक्त लिंबाखाली येते, त्यामुळे डेमो लिंबाखाली. शेतकऱ्याकडचा डिस्प्ले चालू आहे. रांगेतली माणसं आता मान वाकडी करत नाहीत, सरळ उभी राहून आकडा वाचतात. एक बाई पट्टी घेऊन बराच वेळ वाचत होत्या, मग मामांना म्हणाल्या, "कट्ट्याचं वजन बी लिव्हलंय की यात." मोबाइलवाला माझ्याकडे बघून काहीच बोलला नाही, फक्त प्रिंटरची रिळ बदलायला लागला.

संचालकांच्या बैठकीत एकाने विचारलं की आधी ठरलेला अध्यक्षांचा रिपोर्ट कुठे आहे. तो झालेला नाही. मी सांगितलं, तो मागे ठेवायचा निर्णय माझा. थोडा वेळ ताण होता. मग एक संचालक, जे स्वतः माल घालतात, म्हणाले की रिपोर्ट होईल फेब्रुवारीत, वजावटीचं आधी झालं ते बरं झालं. शब्द दिला होता दादांना, तो आज पाळायची वेळ आली.

27 डिसेंबर, शुक्रवार

सकाळी ऑफिसात आले तर यादीत एक नवीन तिकीट होतं. मी लिहिलेलं नाही. दादांनी काल रात्री लिहिलेलं:

'मापाडी मामा. जानेवारीत तूर येणार. तुरीची चाळणी वेगळी, गाळ जास्त निघतो. चाळणीनंतरचा गाळ शेतकरी परत नेतात, जनावरांना घालतात. म्हणजे चाळणीआधीचं आणि नंतरचं, दोन्ही वजनं लागतील आणि गाळ कोणाचा ते पट्टीवर लागेल. गाळ तोलतात की अंदाजे देतात, हे मामांना फोनवर नीट सांगता येईना. म्हणाले, येऊन बघा.'

खाली टेस्टिंगवालीचा शेरा: 'मी येते. वहिनींना सांगून ठेवलंय.'

सोमवारी गाडी ठरवायची. ताडपत्री आपली एक न्यायची, मागच्या वेळी त्यांना कमी पडली होती.